गावाचे क्रीडांगण, गावाची जबाबदारी



क्रीडांगण एका दिवसात नाहीसे होत नाही. प्रथम कडेला कडब्याची गंजी येते, मग टपरी आणि पाठोपाठ भिंत. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ५३ ने मोकळ्या जागेवरील अतिक्रमण हटविण्याचा अधिकार पंचायतीस दिला आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनी अतिक्रमणमुक्त करून परत देण्यास राज्यांना फर्माविले. परंतु अधिकार कागदावरच राहिला, तर मैदान राहत नाही. मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत, पंचायतीच्या दप्तरी नोंद घ्यावी, देखभाल शाळा व तरुण मंडळाकडे सोपवावी. गंजी हलविणे सोपे असते; भिंत पाडताना गावात दोन तट पडतात. म्हणून पहिल्याच दिवशी बोलावे, ही विनंती.