वाटसरूचा विसावा
(मंदिर जीर्णोद्धार समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जीर्णोद्धाराच्या वेळी गाभारा, सभामंडप आणि कळस यांचा विचार सर्वजण करतात. पूर्वजांनी मात्र आणखी एकाचा विचार केलेला असे. तो म्हणजे वाटसरू. देवळापाशी विहीर, विहिरीपाशी पार आणि पारावर सावली, ही सोय देवाइतकीच त्याच्यासाठीही असे. पुणे-कोल्हापूर महामार्गावर याची साक्ष आजही मिळते.

पुण्याहून निघून नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि शिरवळ येते. तेथे यादवकालीन मानली जाणारी दगडी पाणपोई आहे. तहानलेल्याला पाणी मिळावे, एवढ्यासाठी घडीव दगडाची वास्तू! दानाचा याहून साधा आणि थोर नमुना कोणता?

पुढे खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्यावर आत वळले की वाई. कृष्णेकाठचे ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. दर्शन घेऊन लोक परततात, परंतु मागची भिंत फार थोडे पाहतात. ती माशाच्या आकाराची, निमुळती आहे. पुराचे पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते. श्रद्धेला शहाणपणाची जोड कशी द्यावी, हे जीर्णोद्धार करणाऱ्या प्रत्येक गावाने तेथे जाऊन पाहावे. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, आणि घाटावरच्या देवळाशी १७३९ च्या वसई विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे.

साताऱ्याच्या अलीकडे लिंब गावी बारा मोटेची विहीर आहे. वीरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळात बांधविली. खोली सुमारे ११० फूट, व्यास सुमारे ५० फूट. पायऱ्या उतरून आत गेले की भर उन्हाळ्यातही गारवा जाणवतो. आणखी दक्षिणेस कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. त्या प्रीतिसंगमावर १९८४ साली निवर्तलेले यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे.

आता रस्ता रुंद झाला, वेग वाढला. रुंदीकरणात जुनी झाडे गेली आणि गावे उड्डाणपुलाखाली राहिली. अनेक चालक डोळ्यांवर झापड असतानाही गाडी रेटतात. एक झोप, एक क्षण, आणि घरी वाट पाहणारी माणसे कायमची वाट पाहत राहतात. म्हणून वाटेत थांबणे हा वेळेचा अपव्यय नव्हे. अर्ध्या तासाचा विसावा जीवही वाचवितो आणि इतिहासही दाखवितो.

परंतु थांबावेसे वाटेल अशी जागा ठेवणे हे गावाचे काम आहे. फाट्यावर ठळक फलक, रस्त्याबाहेर वाहन उभे करण्यास जागा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छ शौचालय, एवढे केले तरी पुष्कळ झाले. प्रवाशांनीही जुन्या भिंतींवर नावे कोरू नयेत, विहिरीत कचरा टाकू नये.

या स्मरणिकेत देणगीदारांची नावे आदराने छापली आहेत. उद्या उन्हातून येणाऱ्या परक्या माणसाला त्यांतले एकही नाव ठाऊक नसेल. तरी देवळाच्या ओट्यावर तांब्याभर गार पाणी मिळताच तो हात जोडील. तो नमस्कार देवाला पोहोचेल आणि देणाऱ्यालाही.