भांड्यावरचं नाव

भाकरी थापताना, ज्वारी निवडताना, गोठ्यात, शेतात, जिथं असाल तिथं घटकाभर आमचं ऐका.

आम्ही मोहोळ तालुक्यातल्या एका गावच्या पाच जणी, एकाच बचत गटातल्या. एकीची पिठाची गिरणी आहे. एक अंगणवाडीत मदतनीस आहे. एक शिलाई करते, एक शेतमजुरीला जाते. आणि पाचव्या आमच्या आक्का. त्यांनी सत्तरी ओलांडली, पण गटाच्या बैठकीला सगळ्यांच्या आधी हजर. आज आम्ही आमच्या एका खेळाची गोष्ट सांगणार आहोत. खेळ आहे फोटो काढायचा.

संक्रांतीला आम्ही सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे गड्ड्याला गेलो होतो. परत येताना एसटीत बसून फोनमधले फोटो बघत होतो. शेकडो फोटो. नातवंडं, बैल, ट्रॅक्टर, वाढदिवसाचे केक, लग्नातले आहेर. पण आमच्यापैकी एकीनं स्वतःच्या मनानं, स्वतःच्या हातानं काढलेला एकही फोटो त्यात सापडेना. फोटोची वेळ आली की फोन पोरांच्या हातात जातो आणि आपण पदर सारखा करून उभ्या राहतो. तुमच्याकडंही असंच असेल.

शिलाईवालीची लेक सोलापूरला कॉलेजात आहे. तिच्या मैत्रिणी असा खेळ खेळतात, की दर आठवड्याला एक विषय ठरवायचा आणि त्या विषयावर घरातल्या साध्या वस्तूचा फोटो काढायचा. आम्ही म्हटलं, मग आपणही खेळू.

नियम ठरवले. विषयांच्या चिठ्ठ्या तांब्यात टाकायच्या. बाजाराच्या दिवशी एक चिठ्ठी काढायची. पुढच्या बाजारापर्यंत प्रत्येकीनं एकच फोटो आणायचा. वस्तू घरातली नाहीतर शेतातली हवी, विकत काही आणायचं नाही. आणि फोटो दाखवताना हाच का काढला, ते दोन वाक्यांत सांगायचं.

पण पहिली अडचण फोनचीच आली. पाच जणींत स्वतःचे फोन दोघींकडं. बाकीच्यांच्या घरचा फोन मालकांच्या नाहीतर पोराच्या खिशात. शेतमजुरीला जाणाऱ्या मैत्रिणीला पहिल्या आठवड्यात फोन मिळालाच नाही. "तुला कशाला?" एवढंच उत्तर मिळालं. तेव्हा आम्ही ठरवलं, की जिच्याकडं फोन आहे तिनं आठवड्यातून एकदा संध्याकाळी तिच्या घरी जायचं. खेळ पाच जणींचा तर पाच जणींचाच.

पहिली चिठ्ठी निघाली 'गोल'. चौघींनी फोटो आणले, चारही भाकरीचे! आणि चारही काळेकुट्ट. आपली स्वयंपाकाची खोली अंधारी, भिंत धुरानं काळी. एकीनं फोनचा लाइट लावून काढला, तर भाकरी चुन्यासारखी पांढरी फटक दिसली. मग पुन्हा काढले. भाकरी दाराजवळ नेली, बाजूनं उजेड येऊ दिला. तेव्हा तिच्यावरचे डाग दिसले, फुगलेला पापुद्रा दिसला, कडेला उमटलेली बोटं दिसली. उजेड समोरून आला तर वस्तू सपाट दिसते, बाजूनं आला तर तिचा चढउतार दिसतो, हे आम्ही त्या भाकरीवर शिकलो.

अमेरिकेत एडवर्ड वेस्टन नावाचे मोठे छायाचित्रकार होऊन गेले. १९३० साली त्यांनी एका ढोबळ्या मिरचीचा फोटो काढला, तो जगभर नावाजला. त्यांनी ती मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती. नरसाळ्याच्या आतल्या बाजूवरून उजेड परतून मिरचीवर पडायचा, त्यामुळं तिची प्रत्येक वळी उठून दिसली. मैत्रिणींनो, मिरची आपल्या परसात आहे आणि नरसाळं आपल्या फळीवर आहे.

दुसरी चिठ्ठी 'भोक'. गिरणीवालीनं चाळण उन्हात धरली आणि जमिनीवर पडलेल्या उजेडाच्या ठिपक्यांचा फोटो काढला. शेतमजुरीवाल्या मैत्रिणीनं काढला तो घराच्या पत्र्याला पडलेल्या भोकाचा, आणि त्यातून जमिनीवर आलेल्या कवडशाचा. ती म्हणाली, "कवडसा रांजणाला टेकला की कामाला निघायची वेळ झाली. पावसाळ्यात त्याच भोकाखाली पातेलं ठेवते." तिच्या घरी आम्ही किती वेळा गेलो असू, पण ते भोक आम्हाला तेव्हाच दिसलं.

तिसऱ्या आठवड्याला 'झिजलेलं'. आक्कांनी खुरपं आणलं. पातं झिजून बोटभर उरलेलं, मूठ हातासारखी गुळगुळीत. शिलाईवालीची बहीण सोलापुरात विड्या वळते. खेळाचं ऐकून तिनंही फोटो पाठवला, तिच्या कात्रीचा. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर ठेवून त्या कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. मोजणी हजारावर. तिच्या कात्रीच्या कड्यांवरचा रंग गेला होता, आतलं लोखंड चकाकत होतं. "माझ्या बोटाला घट्टाही तसाच आहे," असं तिनं खाली बोलून पाठवलं.

चौथी चिठ्ठी 'ओझं'. हंडा आला, कडब्याची पेंढी आली, आणि एकीनं कर्जाचं पासबुक आणलं! सगळ्या हसलो आणि मग गप्प झालो. मदतनीस ताईंनी आणला झोळीचा फोटो. बांधावरच्या बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली, मागं ज्वारीची काढणी चाललेली. झोळीत लेकरू, जवळपास कुणी नाही.

अशाच एका फोटोची हकीकत चीनमधली आहे. १९९२ साली युनान प्रांतातल्या खेड्यांत ६२ बायकांना कॅमेरे देण्यात आले. तुमचं रोजचं जगणं तुम्हीच टिपा, असं त्यांना सांगितलं. त्यातल्या एका फोटोत आई शेतात निंदत होती आणि तान्हं बाळ तिथंच एकटं पडलेलं होतं. असे फोटो त्या बायकांनी अधिकाऱ्यांपुढं मांडले आणि कामाच्या वेळी लेकरं सांभाळायची काय सोय, हा प्रश्न पुढं आला. आमच्या झोळीच्या फोटोवर आम्हीही बोललो. काढणी संपेपर्यंत पाळी लावली. रोज एकीनं घरी थांबायचं, आक्का तिच्या सोबतीला, आणि काढणीला जाणाऱ्या बायांची लहान लेकरं त्यांच्याकडं.

आणि मग पाचव्या आठवड्याला चिठ्ठी निघाली 'नाव'.

आम्हाला वाटलं सोपं आहे. आपल्या भांड्यांवर नावं असतातच की. घरी जाऊन फळीवरची भांडी खाली काढली. हंड्यावर सासऱ्यांचं नाव. परातीवर मामाचं, "यांजकडून सप्रेम भेट". ताटांवर मालकांचं. तांब्यावर दिराचं. ही भांडी आम्ही रोज घासतो, राखेनं घासलीत, आता पावडरनं घासतो. घासून घासून अक्षरं पुसट झाली, पण त्यांत आमचं नाव शोधायला लागलं. दोघींना सापडलंच नाही.

आक्कांनी पितळेचा एक डबा आणला. बाजूला टिंबाटिंबांनी नाव घातलेलं. पहिला फोटो समोरून काढला, तर नुसती चकाकी दिसली आणि त्यात आक्कांचाच चेहरा अस्पष्ट. नाव काही वाचता येईना. मग भाकरीची आठवण झाली. डबा चिंचेनं घासला, दाराच्या कडेला ठेवला, उजेड तिरपा येऊ दिला. एकेका टिंबाची सावली पडली आणि अक्षरं वर आली. ते नाव आमच्यापैकी कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं.

ते आक्कांचं माहेरचं नाव होतं. त्यांच्या आईनं लग्नाच्या आधी तो डबा घेऊन त्यावर लेकीचं नाव घालून घेतलं होतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, आणि त्या दिवसापासून जुनं नाव राहिलं ते त्या डब्यावर. आक्का म्हणाल्या, "आई होती तोवर ती या नावानं हाक मारायची. ती गेल्यावर कुणीच मारली नाही." ते नाव आम्ही इथं सांगत नाही. ज्याला सांगायचं त्याला आक्का सांगतील.

फोटोच्या दुनियेतही हे घडलेलं आहे. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ साली नवसारीला जन्मल्या, मुंबईत शिकल्या. पुढं दिल्लीत साडी नेसून, कॅमेरा घेऊन त्या सायकलवरून फिरत. देश स्वतंत्र झाला तेव्हाचे सोहळे, गांधीजींची अंत्ययात्रा, सगळं त्यांनी टिपलं. पण सुरुवातीच्या काळात त्यांनी काढलेले फोटो छापून यायचे ते त्यांच्या पतीच्या नावानं. २०११ साली सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं, तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. काम आपलं आणि नाव दुसऱ्याचं, ही गोष्ट कॅमेरा हातात असलेल्या बाईलाही चुकली नाही.

मग आम्ही शोधायलाच लागलो, की आपलं नाव आहे तरी कुठं? गॅसच्या पुस्तकावर आहे. गटाच्या वहीत आहे. रोजगार हमीच्या जॉबकार्डावर आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख ठरते. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकराच्या नावात आता आपल्या राज्यात बापाच्या नावाआधी आईचं नाव लागतं. हे सगळं चांगलंच झालं. पण ज्या जमिनीत आपण खुरपतो तिच्या सातबारावर? आम्हा पाच जणींत तिघींच्या घरी जमीन आहे. तिघींनी सातबारा काढून बघितला. तिघींपैकी एकीचंही नाव नव्हतं.

याची वाट जुनीच आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. १९९२ साली शासनानं परिपत्रकही काढलं. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला, तर त्याच्या हयातीतच पत्नीचं नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. तलाठी कार्यालयात चौकशी करा.

गिरणीवालीनं घरी भांडण काढलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर तिनं मालकांपुढं फोन धरला आणि डब्याचा फोटो दाखवला. ते वाचून म्हणाले, "आक्कांचं हे नाव होय? मला ठाऊकच नव्हतं." मग तिनं सातबारा पुढं ठेवला. त्या रात्री ते काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी स्वतःच म्हणाले, तलाठ्याकडं जाऊन येऊ. अर्ज दिलाय. नोंद अजून व्हायची आहे. शिलाईवालीच्या घरी उत्तर आलं, "त्याची काय गरज?" आणि विषय तिथंच थांबला. तिसरीनं अजून विचारलेलं नाही. जे झालं तेवढंच आम्ही सांगतोय. एका फोटोनं सगळं बदललं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण पूर्वी आम्ही हा प्रश्न विचारलाही नव्हता, हेही खरं.

तुमच्या गटात हा खेळ सुरू करायचा असेल, तर आमच्या चुकांतून शिकलेलं थोडं सांगतो.

फोनच्या काचेवर पिठाचा, तेलाचा हात लागलेला असतो. आधी मऊ कापडानं पुसा. उजेड दाराचा नाहीतर खिडकीचा घ्या, सकाळचा किंवा उतरत्या उन्हाचा. चित्र बोटांनी मोठं करू नका, दोन पावलं पुढं जा. हात हलत असेल तर कोपर चौकटीला टेकवा. माणसाचा फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि विचारल्याशिवाय पुढं पाठवू नका. आधार, पासबुक, सातबारा यांचे फोटो कुणालाही पाठवू नका, काम झालं की पुसून टाका. आणि जिच्याकडं फोन नाही तिला खेळातून वगळू नका. आमच्याकडं सगळ्यांत चांगले फोटो तिनंच काढलेत.

विषय हवे असतील तर आमच्या तांब्यातले घ्या. गोल, भोक, झिजलेलं, ओझं, नाव. पुढची चिठ्ठी काल बाजारात निघाली, 'जोडी'. आक्का म्हणतात, त्यांच्याकडं जात्याची वरची तळी आहे, खालची शेजारच्या गावात नणंदेकडं. आता फोटो काढायला नणंदेला बोलावणं धाडलंय.

शेतमजुरीवाल्या मैत्रिणीच्या मालकांनी परवा आपणहून फोन पुढं केला. म्हणाले, "या वेळी काय काढायचंय?" तिनं फोन घेतला आणि आधी काच पुसली.