समाजमाध्यमे आणि आपली तरुण पिढी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी मंडळाच्या चिटणीसांनी हा विषय सुचविला, तेव्हा मला थोडा संकोच वाटला. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन शिक्षकी पेशात शिरलेला मी मनुष्य. यंत्रशास्त्रातील अधिकार माझ्यापाशी नाही. परंतु मुले कशाने घडतात व कशाने बिघडतात, याचा थोडाबहुत अनुभव आयुष्यभर वर्गात उभे राहून गाठीस बांधलेला आहे. तेवढ्याच भांडवलावर मी चार शब्द बोलणार आहे.

प्रथम लाभाची बाजू पाहू. कारण दोष आधी सांगण्याची आपणा वडीलधाऱ्यांना फार घाई असते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेटचे दर एकाएकी उतरले आणि मूठभरांची सोय खेडोपाडी पोहोचली. आय.आय.टी.मधील प्राध्यापकांची व्याख्याने आज यूट्यूबवर विनामूल्य ऐकावयास मिळतात. ज्याच्या बापाने तालुक्याबाहेर पाऊल टाकले नाही, असा मुलगाही ती ऐकू शकतो. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा कित्येक शिक्षकांनी धडे व स्वाध्याय व्हॉट्सॲपवरूनच पाठविले. ज्यांच्या घरी मोबाईल नव्हता, त्यांचे शिक्षण खुंटले, हेही तितकेच खरे. पुढे एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे, प्राणवायूचे सिलिंडर कोठे मिळेल, याच्या याद्या तरुणतरुणींनी रात्र रात्र जागून तपासल्या आणि ट्विटरवरून गरजूंपर्यंत पोहोचविल्या. ज्या पिढीस आपण उठल्यासुटल्या नालायक ठरवितो, त्याच पिढीचे हे काम होय.

आता हानीचा विचार करू. तो करताना या माध्यमांचा व्यवहार कसा चालतो, हे प्रथम ध्यानी घ्यावे. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम वापरण्यास आपणास दाम मोजावा लागत नाही. असे असता फेसबुक कंपनीने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम सुमारे १ अब्ज डॉलर्सना आणि २०१४ मध्ये व्हॉट्सॲप सुमारे १९ अब्ज डॉलर्सना खरेदी करण्याचा सौदा केला. फुकट मिळणाऱ्या वस्तूस एवढे मोल कशासाठी, असा प्रश्न कोणाही व्यापाऱ्याच्या मनात येईल. उत्तर सोपे आहे. या कंपन्यांची बहुतेक मिळकत जाहिरातींची आहे. मनुष्य जितका वेळ पडद्यापुढे बसेल तितक्या जाहिराती त्याच्या नजरेखालून जातात. म्हणून त्यास उठूच द्यावयाचे नाही, अशी सारी रचना असते. पुस्तकाचे पान संपते, प्रकरण संपते. वाचक मान वर करून घड्याळाकडे पाहतो. येथे पानच संपत नाही. एक चित्रफीत संपण्यापूर्वी दुसरी पुढे उभी राहते. चाळीस वर्षांचा समंजस गृहस्थही जेथे तास तास अडकून पडतो, तेथे चौदा वर्षांच्या मुलाकडून संयमाची अपेक्षा करणे कितपत न्यायाचे आहे?

दुसरी हानी तुलनेची. पूर्वी मुलगी आपली तुलना फार तर आळीतील दोघीचौघींशी करी. आज ती शेकडो सजविलेल्या चेहऱ्यांशी करते, आणि ते चेहरे यंत्राने उजळविलेले असतात, याचे भान त्या वयात राहत नाही. फ्रान्सिस हॉगन नावाच्या बाईंनी २०२१ मध्ये फेसबुक कंपनीचे अंतर्गत कागद उघड केले. इन्स्टाग्राममुळे काही किशोरवयीन मुलींच्या मनातील स्वतःच्या शरीराविषयीचा न्यूनगंड बळावतो, असे कंपनीच्याच पाहणीत आढळल्याचे त्यांतून बाहेर आले. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनीही सूचनापत्र काढून, दिवसाकाठी तीन तासांहून अधिक वेळ या माध्यमांवर घालविणाऱ्या मुलांत औदासीन्य व चिंता यांसारख्या तक्रारींचा धोका दुप्पट आढळतो, असा इशारा दिला.

तिसरी हानी अफवेची. आणि हिचे खापर केवळ तरुणांच्या माथी फोडता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. ती माणसे भिक्षेसाठी हिंडत होती. मुले पळविणारी टोळी आल्याची खोटी वार्ता त्या भागात मोबाईलवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास बंदी घातली. परंतु गेलेले जीव परत आले नाहीत. तेही कोणाचे तरी ज्ञातिबंधूच होते. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर पहाटेपासून जे संदेश येतात, ते पाठविणारे बहुतांशी आपण साठीच्या पुढचे आहोत. वाचल्यावाचून, खरे-खोटे पारखल्यावाचून पुढे ढकलण्याची सवय मुले घरातच शिकतात.

यापुढे जे सांगावयाचे आहे, तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. निवृत्तीनंतर माझ्याकडे शिकवणीस येणारी नववीतील एक हुशार मुलगी अचानक गप्प झाली. गणितात कधी न चुकणारी मुलगी साधी बेरीज चुकू लागली. पुष्कळ दिवसांनी तिने माझ्या पत्नीस सांगितले की, नात्यातील एका लग्नातील तिचे छायाचित्र कोणीतरी उचलून तिच्या नावे खोटे खाते उघडले आहे आणि त्यावरून घाणेरडे संदेश धाडले जात आहेत. दोन महिने तिने हे घरी सांगितले नव्हते. कारण विचारता ती म्हणाली, “सांगितलं तर मोबाईल जाईल, आणि मग शाळाही जाईल.” तिचा थोरला भाऊ रात्री दोनपर्यंत मोबाईलवर खेळत असे, त्यास कोणी हटकत नव्हते.

बंधुभगिनींनो, त्या मुलीचे भय निराधार होते काय? आपण आपापल्या मनास विचारावे. मुलाच्या हाती मोबाईल हे कौतुक आणि मुलीच्या हाती तोच मोबाईल हे संकट, असा दुजाभाव आपल्या पुष्कळ घरांत आहे. अपराध करणारा तिसराच, आणि शिक्षा मात्र मुलीस! ज्या घरात बोलल्याबद्दल दंड होतो, त्या घरातील मूल बोलणे सोडते आणि दुर्जनास मोकळे रान मिळते. वास्तविक कायदा अशा मुलीच्या पाठीशी आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० अन्वये इंटरनेटवर अश्लील मजकूर प्रसिद्ध करणे हा तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि संकटातील बालकांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. ते आपल्या प्रत्येक घरी लिहून ठेवावेत. परंतु त्या क्रमांकापर्यंत मूल पोहोचण्यापूर्वी ते आईबापांपर्यंत पोहोचले पाहिजे.

मग उपाय कोणता? ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना या माध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा २०२४ मध्ये केला व तो १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आणला. त्यात दंड कंपनीस आहे. मुलास वा पालकास नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्याकडील उदाहरण अधिक जवळचे आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून असा प्रघात पाडला की, सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजताच घरोघरी टेलिव्हिजन व मोबाईल बंद करावेत आणि साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करावा. या प्रघाताचे मर्म असे की, त्या वेळात थोरांनीही मोबाईल खाली ठेवावयाचा असतो. बाप स्वतः पडद्यात डोके घालून मुलास ‘अभ्यास कर’ म्हणाला, तर ते मूल ऐकणार कसे?

आपल्या मंडळापुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, वधुवरांची माहिती व छायाचित्रे सर्वांच्या ग्रुपवर न टाकता मंडळाच्या कार्यालयातील वहीत नोंदवावीत आणि खात्रीच्या कुटुंबासच दाखवावीत. लग्नकार्यातील मुलींची छायाचित्रेही त्यांच्या संमतीवाचून कोणी प्रसृत करू नयेत. दुसरी, मंडळाच्या ग्रुपवर केवळ मंडळाचे काम, शिष्यवृत्तीची सूचना व सुखदुःखाची वार्ता एवढेच यावे. तिसरी, मुलामुलींना विनासंकोच बोलता यावे म्हणून दोन जाणत्या भगिनी व एक वकील यांची लहानशी समिती नेमावी आणि आलेली तक्रार तिने गुप्त ठेवावी.

तरुण मित्रांना एवढेच सांगतो : मोबाईल हाती घेताना काय पाहावयाचे ते मनाशी ठरवा आणि ते काम झाले की तो खाली ठेवा. पालकांना विनंती अशी की, मूल काही सांगावयास आले तर प्रथम ते पुरते ऐकून घ्यावे. रागावणे मागाहूनही करता येते.

 माझ्या सूचनांचा विचार कार्यकारी मंडळाने पुढील सभेत करावा, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.