दुधावरची साय : आजी-आजोबांचे पालकत्व आणि शासनाचे साहाय्य

(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यातील व्याख्यान)



नातवंडांना आपल्याकडे दुधावरची साय म्हणतात. धाक आई-वडिलांनी लावावा आणि लाड आजी-आजोबांनी करावेत, अशी घराची पूर्वापार वाटणी आहे. परंतु मधली पिढीच हरपली म्हणजे ही वाटणी मोडते. ज्या वयात हातात जपमाळ यावी, त्या वयात पुन्हा दप्तर आणि डबा येतो. २०२० आणि २०२१ या वर्षांत कोरोनाने अनेक घरांवर हा प्रसंग आणला. अपघात, दुर्धर आजार, मोडलेला संसार ही कारणे त्यापूर्वीही होती आणि आजही आहेत. अशा घरांसाठी शासनाने काय केले आहे, आणि ते त्यांच्यापर्यंत का पोहोचत नाही, हा आजचा विषय.

या बाबतीत महाराष्ट्रातील प्रमुख योजना म्हणजे बालसंगोपन योजना. २०२३ पासून ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना या नावाने ओळखली जाते. निराधार मूल संस्थेत न धाडता कुटुंबातच वाढावे, हा तिचा हेतू. २०१५ च्या बालन्याय अधिनियमानेही संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. या योजनेत मुलामागे दरमहा पूर्वी ४२५ रुपये मिळत. २०२१ मध्ये ते ११०० झाले आणि २०२३ पासून २२५० रुपये झाले. वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत ही रक्कम मिळते.

कोरोनात दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे राज्य शासनाने जून २०२१ मध्ये पाच लाख रुपयांची मुदत ठेव मंजूर केली. केंद्रानेही त्याच वर्षी पीएम केअर्स योजनेतून अशा मुलांना तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये देण्याची तरतूद केली. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२ हजार व अन्यत्र ९६ हजार रुपयांच्या आत असल्यास, पात्र मुलाला दरमहा ४००० रुपयांचे प्रायोजकत्व मिळू शकते.

आपल्या जिल्ह्याशी संबंधित आणखी एक उदाहरण आहे. शिरोळ-हातकणंगल्याच्या शिवारात दरवर्षी ऊसतोडीसाठी बीडकडून टोळ्या येतात. त्यांच्या मागे गावी आजी-आजोबा आणि नातवंडे राहतात. मुलांची शाळा बुडू नये म्हणून शासनाने तिकडे हंगामी वसतिगृहांची सोय केली. आपल्या साखरेच्या प्रत्येक पोत्यामागे अशा एखाद्या आजीचे कष्ट आहेत, हे विसरता येत नाही.

मात्र व्यापाऱ्याच्या नजरेने दोन आकडे शेजारी मांडले की विसंगती दिसते. एका मुलाच्या संगोपनासाठी शासन दरमहा २२५० रुपये, म्हणजे वर्षाला २७ हजार रुपये देते. पण त्याच घरातील वृद्धेला श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये हवे असतील आणि तिचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत नसेल, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावे लागते. म्हणजे महिन्याला १७५० रुपये. एका मुलाला जेवढे पुरणार नाही असे शासन स्वतःच मानते, त्याहून कमी रकमेत सारे घर भागते असे दुसरी योजना धरून चालते. ही मर्यादा वाढली पाहिजे, अशी मागणी समाजाने संघटितपणे करावयास हवी.

दुसरी अडचण कायद्याची. १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व अधिनियम जैनांनाही लागू आहे. त्यात नैसर्गिक पालक म्हणून स्थान आहे ते पित्याला आणि मातेला. आजोबांनी जन्मभर सांभाळले तरी ते आपोआप कायदेशीर पालक ठरत नाहीत. नातवाच्या वाट्याची जमीन वा घर विकण्याची वेळ आली की १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली न्यायालयाचा आदेश घ्यावा लागतो. आपल्यामागे नातवाला कोणी सांभाळावे, हे आजोबांनी मृत्युपत्रात लिहिले तरी तेवढ्याने पालक नेमला जात नाही. म्हणून हात चालत आहेत तोवरच पुढची व्यवस्था लावणे हे शहाणपणाचे.

अमेरिकेनेही २०१८ मध्ये नातवंडे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याने प्रथम सल्लागार परिषद नेमून माहिती एकत्र करण्याचे काम हाती घेतले. म्हणजे योजना असूनही ती ठाऊक नसणे, हे दुखणे केवळ आपलेच नव्हे.

आपल्याकडे मात्र अज्ञानापेक्षा संकोच मोठा आहे. चार घरांना दिलेले घर हात कसा पसरणार? रक्ताच्या नातवाला वाढवण्याचे पैसे घ्यायचे का? असे म्हणून कित्येक वृद्ध अर्जच करीत नाहीत. मुलाच्या नावावर जमा होणारी रक्कम ही मुलाची जमा आहे. ती न घेतल्याने आजोबांची प्रतिष्ठा राहते, पण खर्ची पडते ते नातवाचे शिक्षण.

अर्जाची वाट अवघड नाही, पण लांब आहे. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. पालकांचा मृत्यूचा दाखला, आधार, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेचे पासबुक ही कागदपत्रे लागतात. त्यानंतर गृहचौकशी आणि बालकल्याण समितीचा आदेश. २०१९ व २०२१ च्या महापुरांत ज्यांची कागदपत्रेच भिजली, त्यांना एकेका दाखल्यासाठी पुन्हा खेटे घालावे लागले. सत्तरीच्या गुडघ्यांनी हे जिने चढायचे कसे? मंजुरीनंतरही अनुदान दरमहा वेळेवर येईलच असे नाही, तेव्हा मधले महिने कोणी तरी निभावून न्यावे लागतात.

येथेच समाजाचे काम सुरू होते. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात जैन बोर्डिंग उभे राहिले. राजाने आधार दिला आणि समाजाने काम केले, म्हणून खेड्यातील मुले शिकली. आजही तोच जोड हवा आहे. पैसा शासनाकडे आहे. कमतरता आहे ती वृद्धांसोबत कचेरीत जाणाऱ्या माणसाची. प्रत्येक पेठेत दोन तरुणांनी आणि एका निवृत्त कर्मचाऱ्याने आठवड्यातील एक सकाळ यासाठी द्यावी. अशी घरे शोधावीत, अर्ज भरून द्यावेत, अनुदान रखडले तर किराणा आणि शाळेची फी तेवढ्यापुरती भागवावी. संकटातील मुलासाठी १०९८ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक मंदिराच्या फलकावर लिहावेत.

पन्नास वर्षांत न्यासाने पुष्कळ दिले. एकावन्नाव्या वर्षी थोडे चालावे. एखाद्या आजीचा हात धरून, कचेरीच्या त्या जिन्यापर्यंत. दुधावरची साय जपायची तर आधी ते दूध तापवणाऱ्या थकल्या हातांना आधार दिला पाहिजे.

जय जिनेंद्र.