तास नको, उंची कमी करा

हौसेला मोल नसतं, असं आपण सहज म्हणून जातो. मोटोक्रॉसपुरतं मात्र हे मला मान्य नाही. मातीच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर, उंचवट्यांवरून उड्या घेत मोटरसायकलची शर्यत करायची, असा हा खेळ. इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीजवळच्या माळरानावर १९२४ साली त्याची सुरुवात झाली, आणि आपल्याकडे पुण्या-नाशकाच्या पोरांनी तो मनापासून आपलासा केला. २०२४च्या जानेवारीत बालेवाडीच्या क्रीडासंकुलात याच खेळाच्या सुपरक्रॉस प्रकाराच्या लीगची फेरी झाली, तेव्हा जगभरचे धंदेवाईक रायडर इथे आले. पण मी आज बोलणार आहे ते हौशी रायडरबद्दल. सोमवार ते शनिवार तो चाकणच्या कारखान्यात, बँकेत किंवा स्वतःच्या दुकानात राबतो. घरी शाळेत जाणारं मूल आहे, घराचा हप्ता आहे. त्याच्या हौसेला मोल आहे, आणि ते त्याच्याइतकंच त्याचं घरही मोजतं.

अशा माणसाला सगळे एकच सल्ला देतात: नाद थोडा कमी कर, महिन्यातून एकदा जात जा. सल्ला मायेचा आहे, पण माझ्या मते कात्री चुकीच्या जागी लागते. का, ते सांगण्याआधी गाडीकडे नीट पाहू. मोटोक्रॉसच्या खास गाडीला हेडलाइट नसतो, नंबरप्लेट नसते. ती रस्त्यावर चालवता येत नाही, टेम्पोत पट्ट्यांनी आवळून न्यावी लागते. तिचं वय किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. काड्यापेटीएवढं आवरमीटर बसवलेलं असतं. इंजिन चालू असेल तेवढा वेळच त्याचा आकडा पुढे सरकतो. त्या आकड्यावर ऑइल बदलायचं, त्याच आकड्यावर पिस्टन. धुळीचा दिवस झाला की एअर फिल्टरचा स्पंज काढून धुवायचा, वाळवायचा, चिकट तेलात पुन्हा मळून बसवायचा. चिमूटभर मुरमाची धूळ आत शिरली तर इंजिन खराब व्हायला वेळ लागत नाही. हौशी गटाची एक हीट, म्हणजे एक शर्यत, दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. तिच्यामागे धुणंपुसणं, सर्व्हिसिंग, जाणं-येणं धरून अख्खा रविवार आणि मधल्या दोन संध्याकाळी जातात. आवरमीटरवर जेमतेम तासभर चढतो, घराच्या वहीत दहा-बारा तास लागतात. ही तफावत रायडरने आधी कबूल केली पाहिजे.

तरीही मी तास कमी करा म्हणणार नाही. शर्यतीत रायडरच्या हृदयाचे ठोके त्याच्या कमाल मर्यादेच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास राहतात. पाहणाऱ्याला वाटतं, गाडी पळते आणि माणूस बसलेला असतो. खरं तर तो बराच वेळ फूटरेस्टवर उभा असतो, गुडघ्यांनी गाडी आवळून धरतो, प्रत्येक धक्का पायांवर झेलतो. सराव तुटलेला असेल तर तिसऱ्या-चौथ्या फेरीत मनगटापासून कोपरापर्यंत हात दगडासारखा भरून येतो. बोटं क्लचवर वेळेत मिटत नाहीत, ब्रेक उशिरा लागतो, आणि नेमकी तेव्हाच समोर जंप येते. मनगट, कॉलरबोन, घोटा, या खेळातली नेहमीची मोडतोड बऱ्याचदा अशा दमलेल्या क्षणी होते. म्हणजे महिन्यातून एकदा जाणारा माणूस घराचा वेळ वाचवतो आणि घरावरचाच धोका वाढवतो.

मग कमी काय करायचं? उंची. ट्रॅकवर टेबलटॉप नावाचा एक उंचवटा असतो, वरून सपाट, ओट्यासारखा. उडी कमी पडली तर गाडी त्या सपाटीवर आदळते, दणका बसतो, पण बहुतेकदा माणूस सावरतो. डबल म्हणजे दोन वेगळे ढिगारे आणि मध्ये खड्डा. इथे उडी हातभर जरी कमी पडली तरी पुढचं चाक दुसऱ्या ढिगाऱ्याच्या तोंडावर आपटतं आणि रायडर हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. पण तो डबल उडवलाच पाहिजे असा नियम कुठेही नाही. वेग कमी करून एका ढिगाऱ्यावर चढायचं, उतरायचं, दुसऱ्यावर चढायचं. याला रोल करणं म्हणतात. फक्त मागून येणाऱ्याला अंदाज यावा म्हणून आपली ओळ सोडायची नाही. देशी बनावटीच्या गाड्यांचे आणि नवख्यांचे गट वेगळे असतात, तिथेच राहता येतं. ज्याच्यावर घर अवलंबून आहे त्याने सराव नियमित ठेवावा आणि महत्त्वाकांक्षेवर कात्री चालवावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, मुलंबाळं असलेल्याने हा खेळ खेळूच नये. रायडरांचं उत्तर ठरलेलं असतं: ट्रॅकपेक्षा रस्ता वाईट. आकडे भयंकर आहेत हे खरं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, शर्यतीला झेंडेवाले मार्शल असतात, अँब्युलन्स उभी असते, अंगावर छातीच्या कवचापासून बुटांपर्यंत सगळं असतं. पण ही तुलना मला पटत नाही. रस्त्यावर माणूस पोटासाठी जातो, ट्रॅकवर स्वतःच्या आनंदासाठी. दुसऱ्या धोक्याचा जाब त्याला वेगळा द्यावा लागेल. त्या जाबात विम्याचा कागदही येतो. आरोग्य विम्यात २०१९ साली प्रमाणित केलेलं साहसी खेळांचं कलम व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्याला वगळतं, त्यात मोटर रेसिंगचं नावही आहे; हौशी माणसाला तिथे जागा राहते. वैयक्तिक अपघात विम्यात मात्र कित्येकदा शर्यत सरसकट वगळलेली असते. ती ओळ नवरा-बायकोने एकत्र बसून, पहिल्या फेरीच्या आधी वाचायला हवी. रायडर ही आई असेल तर तिला हाच जाब दुप्पट कडक आवाजात विचारला जातो, आणि तो अन्याय आहे.

घरच्यांनाच रविवारी ट्रॅकवर न्यावं, म्हणजे वेळेचा प्रश्न मिटला, असंही सुचवलं जातं. उन्हात, धुळीत, पाण्याची बाटली धरून उभं राहणं हा बायकोचा रविवार होऊ शकत नाही. तिला आवडत असेल तर गोष्ट वेगळी. त्यापेक्षा पावसाळा पाहावा. काळ्या मातीचा ट्रॅक तेव्हा चाकांना चिकटून बसतो, सराव आपसूक कमी होतो. ते महिने घराचे, असं आधीच ठरवून टाकता येतं.

शेवटचा आक्षेप रायडरांचाच: उडीच नसेल तर खेळात राहिलं काय? वळण राहिलं. खोल पडलेल्या चाकोरीत गाडी कलती घालून, आतला पाय पुढे सोडून, बाहेरच्या फूटरेस्टवर वजन टाकायचं आणि थ्रॉटल एकसारखा उघडत जायचं. डबल रोल करताना गेलेले दोन सेकंद इथे थोडे थोडे परत मिळतात. त्याला तालमीचे पुष्कळ रविवार लागतात.