लग्नाचं काय, आणि पाव्हणे कुठले?



मुलाखत कशी द्यावी यावर आपण पुष्कळ ऐकतो. केस नीट विंचरा, नजरेला नजर द्या, आत्मविश्वासानं बोला. मुलाखत कशी घ्यावी हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. निलंग्यात मी बरीच वर्षं शाळेत शिकवलं आणि त्याच काळात एका पतसंस्थेचा संचालकही होतो. शिपाई, लिपिक, वसुली अधिकारी निवडायला टेबलाच्या या बाजूला किती वेळा बसलो, त्याची मोजदाद नाही. आज त्याबद्दल बोलायचं आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

२००३ साल असावं. लिपिकाची एक जागा होती. जवळच्या खेड्यातून एक मुलगी आली. बी. कॉम., गुण चांगले, टायपिंगची परीक्षा पास. तिचे वडील बाहेर ओट्यावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मी जमाखर्चाचे तीन-चार प्रश्न विचारले, तिनं सरळ उत्तरं दिली. मग सहज म्हणून मी विचारलं, "बाळ, लग्नाचं काय? कुठं जमलंय का?"

तिनं मान खाली घातली. "बघायलेत," म्हणाली.

शेजारचे एक संचालक हसले. "म्हणजे लगीन झालं की ही जाणार. आपण शिकवायचं कुणासाठी?" सगळेच हसले, मीही हसलो. जागा एका मुलाला मिळाली. त्याचे गुण तिच्याहून कमी होते. कारण कुठल्याही कागदावर लिहिलं गेलं नाही. तो मुलगा दीड वर्षात पुण्याला निघून गेला. त्याला लग्नाचं कोणीच विचारलं नव्हतं.

त्यात काही वावगं झालं असं मला तेव्हा वाटलं नाही. वडीलकीच्या नात्यानं विचारलं, एवढंच. पुढे माझा एक विद्यार्थी वकील झाला. एकदा गप्पांत हा किस्सा मी गंमत म्हणून सांगितला, तर तो गंभीर झाला. म्हणाला, "सर, ह्याचा निकाल सुप्रीम कोर्टात १९६५ सालीच लागलाय."

तो खटला मुंबईचाच. इंटरनॅशनल फ्रँचायझेस नावाची औषधांची कंपनी होती. तिच्या पॅकिंग विभागात नियम असा, की बाईनं लग्न केलं की नोकरी संपली. बॉम्बे लेबर युनियननं दाद मागितली. कंपनीचं म्हणणं, पॅकिंगचं काम गटानं चालतं, लग्न झालेल्या बायकांच्या रजा फार होतात, गट मोडतो. न्यायालयानं हे मानलं नाही. कुमारिका किंवा विधवांपेक्षा विवाहित बाई जास्त गैरहजर राहते असं मानायला आधार काय, असं न्यायालयाचं म्हणणं. फरक पडेल तो बाळंतपणाच्या रजेचा, आणि तेवढ्यासाठी चार बायका जास्तीच्या ठेवता येतात. किती साधा हिशेब आहे पाहा! पतसंस्थेत बसून दरमहा व्याजाचे हिशेब तपासणाऱ्या आम्हाला तो सुचला नव्हता.

दुसरा खटला नीरा माथूर यांचा. आयुर्विमा महामंडळात त्यांना १९८९ साली नोकरी लागली. भरती होताना बायकांना एक प्रतिज्ञापत्र भरावं लागे. त्यात मासिक पाळी नियमित आहे का, शेवटची कधी आली, किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला का, असे रकाने होते. त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि पाळीची तारीख खोटी लिहिली असं म्हणून महामंडळानं त्यांना कमी केलं. १९९१ साली सुप्रीम कोर्टानं त्यांना कामावर परत घ्यायला लावलं आणि ते रकाने फॉर्ममधून काढून टाकायला सांगितलं. असली माहिती मागणं लाज आणणारं, अपमानास्पदच आहे, असं न्यायालयाचं मत पडलं.

मुलाखतीत अमुक प्रश्न विचारू नका अशी यादी आपल्या कायद्यात नाही. पण भरती करताना स्त्री-पुरुष भेद करू नये हे १९७६च्या समान वेतन कायद्यात होतं, आणि तो खासगी मालकालाही लागू होता. म्हणजे आमच्या पतसंस्थेलाही. आता त्याच्या जागी वेतन संहिता आली, तिच्यातही ते आहे. नोकरी देताना एचआयव्हीची तपासणी मागायची नाही, हे २०१७च्या कायद्यानं ठरवलं.

जातीचं काय? सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेद करायचा नाही, असं घटनेचं सोळावं कलम सांगतं. पण आपल्याकडे जात कोणी थेट विचारतच नाही. आधी आडनाव विचारायचं. त्यावरून अंदाज लागेना, तर गाव. गावात कुठल्या बाजूला घर? आणि तरी उलगडा झाला नाही, की हुकमी प्रश्न, "पाव्हणे कुठले?" मामाचं गाव सांगितलं की विचारणारा मान डोलावतो आणि खुर्चीत मागं रेलतो. हे मी अनेकदा पाहिलं आहे. आणि खोटं कशाला सांगू, विचारलंही आहे. समोरच्या पोराला ते न कळण्याइतका तो भोळा नसतो. जागा राखीव असेल तर प्रमाणपत्र कार्यालयात तपासावं, मुलाखतीतल्या गप्पांत ती चौकशी नको. ही खोड जुनी आहे. निलंगा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात, बिदर जिल्ह्यात होता. निजामाच्या त्या राज्यात नोकरीला उभं राहिलं की माणूस मुलकी की गैरमुलकी, हे आधी पाहिलं जाई.

काही प्रश्न कायद्यात बसतात, तरी विचारू नयेत. वसुलीच्या जागेसाठी एक तरुण आला होता. त्याची भीड मोडावी म्हणून मी विचारलं, "वडील काय करतात?" तो म्हणाला, "भूकंपात गेले." ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आमच्या भागात सांगावी लागत नाही. औसा, निलंगा, उमरगा, कितीतरी घरं आहेत अशी. त्यानंतर टेबलावर कोणाला काही सुचेना. सगळे हळहळले, चहा मागवला, "काही लागलं तर सांग" म्हणाले. कामाचा एकही प्रश्न त्याला कोणी विचारला नाही. त्यानं आणलेली प्रमाणपत्रांची फाइल न उघडता तशीच परत गेली.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी कामाची यादी करायची आणि तिच्यावरूनच प्रश्न लिहायचे. वसुलीसाठी आठवड्यातून तीन दिवस खेड्यांत जावं लागतं ना? मग "मूल लहान आहे, कसं जमेल?" हे विचारायचं नाही. "तीन दिवस फिरावं लागेल, यायला रात्रीचे आठ होतील, जमेल का?" एवढंच, आणि ते बाईला, बाप्याला, सगळ्यांना त्याच शब्दांत. एका पायानं अधू उमेदवार आला तर पाय कशानं गेला हे विचारायचं कारण नाही. लेजर पुढे ठेवा, बेरजा तपासायला सांगा. कोणी आपणहून घरचं सांगू लागलं तर ऐकून घ्यावं, पण त्या धाग्याला धरून पुढं जाऊ नये.

हे सोपं गेलं असं नाही. "मास्तर, आता माणसाची ओळखही करून घ्यायची नाही का?" असं सहकारी म्हणत. ओळख नोकरी दिल्यावर करा, वर्षानुवर्षं सोबत बसायचंच आहे, असं मी म्हणायचो. ते काही सगळ्यांना पटलं नाही.

संचालक म्हणून माझी शेवटची मुलाखत आठवते. एक मुलगी समोर बसली होती. आमच्यातले ज्येष्ठ संचालक चष्मा पुसत म्हणाले, "मग, पाव्हणे..." आणि माझ्याकडे पाहून थांबले. मी प्रश्नांचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, पहिली ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "टॅली येतं का?"

"येतं," ती म्हणाली आणि खुर्ची कॉम्प्युटरकडे ओढून घेतली.