हजार विड्यांचा दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलण्याची सवय नाही, शिक्षणही सातवीपर्यंतच. तेव्हा भाषेकडे न पाहता विषयाकडे पाहावे, ही विनंती.

सोलापुरात १८७७ साली जुनी मिल निघाली. मिली चालू होत्या तोवर गाव भोंग्यावर उठे आणि भोंग्यावर घरी परते. रविवारची सुटी मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १० जून १८९० रोजी मिळाली. जमिनीच्या पोटात कोळसा खणणारालासुद्धा १९५२ च्या खाण कायद्याने दिवसाचे आठच तास ठरवून दिले. आमच्या गल्लीतल्या विडीवाल्या बायकांना मात्र भोंगा कधी नव्हताच.

विडी कामगारांचा कायदा १९६६ साली झाला. कारखान्यातल्या कामाला त्याने नऊ तास घालून दिले. पण विडी वळली जाते घरात! तिथे तास कोण मोजणार? मोजतात त्या विड्या, आणि मजुरी हजारावर. शेजारच्या अक्का रात्री पाने भिजवतात, पहाटे पत्र्याचा फर्मा ठेवून कातरतात, मग पाणी, स्वयंपाक, आणि सूप मांडीवर घेतले की दिवेलागणीपर्यंत मान वर नाही. पान फाटके निघाले तर हजार भरत नाहीत. पदरच्या पैशाने पान आणायचे. छाट निघाली तर तेवढी मेहनत फुकट. तंबाखूच्या धुळीने खोकला, कंबर तर कायमची धरलेली. शाळेतून आलेली मुलगीही दोरा गुंडाळायला बसते.

“अक्का, पोरीला अभ्यास करू द्या,” असे मी एकदा म्हटले.

“मग हजार तुम्ही पुरे करता का, वहिनी?”

यावर काय बोलणार?

कुंभारीला २००६ साली विडी कामगार बायकांना दहा हजार घरे मिळाली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत झाली. फार मोठी गोष्ट. पण काम त्या घरातही तसेच येऊन बसले.

आपला शिवणवर्ग दुपारी तीनला असतो. अक्कांसारख्या बायका येत नाहीत, आणि आपण म्हणतो त्यांना हौस नाही! हे मला पटत नाही. कारखान्याला सुटी असेल त्या दिवशी वर्ग भरवावा, ही माझी सूचना. दुसरे, दिवेलागणीनंतर तासभर मंडळाची खोली त्यांच्या मुलींना अभ्यासाला द्यावी. अक्कांना विचारले आहे. तासभर पोरीला सोडीन म्हणाल्या. बसायला मी येईन, सातवीपर्यंतचे गणित मला येते. सतरंजी मात्र मंडळाची लागेल.